एक दिवस पुढे

१

एस.टी.त माझी बत्तीस वर्षं गेली. पहिली अकरा वाहक म्हणून आणि पुढची एकवीस धुळे बसस्थानकाच्या कंट्रोल केबिनमध्ये, माइकसमोर. इंदूर, सुरत, चोपडा, नंदुरबार, सगळ्या गाड्या मी पुकारल्या. लोक पिशव्या उचलून पळायचे, गाडी फलाटावरून हलायची आणि मी तिच्यापुढे वेळ लिहायचो. स्वतः फिरायला म्हणून मात्र सप्तशृंगगडाच्या पलीकडे कधी गेलो नाही.

हे अशासाठी सांगतो, की माझं डोकं वेळापत्रकाचं आहे. कुठली गाडी कुठून सुटली, आत्ता कुठे असेल, हे मी झोपेतही सांगायचो. एक गाडी एका वेळी दोन ठिकाणी नसते. या एका गोष्टीच्या भरवशावर माझी सगळी नोकरी झाली.

जून एक्क्याण्णवला निवृत्त झालो. दिवाळीच्या आधी आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे प्रमिलाने, माझ्यापुढे एक गुलाबी पत्रक ठेवलं. ‘नेपाळ दर्शन. प्राचीन नगरे व जंगल सफारी. सोळा दिवस. खान्देशी जेवण.’

“गावंच्या गावं पोचवलीत तुम्ही,” ती म्हणाली. “आता मला कुठेतरी न्या.”

मी नेलं. त्याला आता चार वर्षं झाली. प्रमिला आत्ता आत भरताची वांगी भाजते आहे, वास इथपर्यंत येतोय. तिच्या नकळत हे लिहितो आहे, कारण यातली अर्धी गोष्ट तिला माहीत नाही.

२

टूर कौतिकभाऊंची होती. जळगावचे निवृत्त चित्रकला शिक्षक, गळ्यात शिट्टी, आवाज असा की माइक लागू नये. बसमध्ये आम्ही चौतीस जण, बहुतेक धरणगाव-एरंडोलकडचे शेतकरी. त्या साली कापूस बरा झाला होता. प्रमिलाचं माहेर धरणगाव, त्यामुळे निम्म्या बसला ती ताई आणि मी जावई. सोबत आचारी, दोन स्टोव्ह, भाकरीसाठी कळण्याच्या पिठाची गोणी आणि शेवभाजीसाठी डबाभर शेव.

इतकं सुख मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, हे आधी कबूल करतो. सोनौलीला सरहद्द ओलांडली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. पासपोर्ट नाही, काही नाही, एका कमानीखालून बस गेली आणि आपण परदेशात. पोखऱ्याला पहाटे दार उघडलं तर समोर बर्फाचा डोंगर. प्रमिला शाल गुंडाळून उभी होती. त्याच्यावरची नजर न काढता म्हणाली, “अहो, हा खरा असतो?”

मी रोज सकाळी बसमधली डोकी मोजायचो. सवय. कौतिकभाऊ हसायचे. “नाना, तुम्ही रिटायर झालात ना?” आकडा रोज बरोबर यायचा. चौतीस.

३

काठमांडूला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी भक्तपूर होतं. विटांचं गाव. रस्ता विटांचा, घरं विटांची, खिडक्यांना लाकडाची कोरीव जाळी. चौकात कुंभारांनी मडकी उन्हात मांडलेली. गाइड राजेरजवाड्यांचं काहीतरी सांगत होता, आमचे लोक मडक्यांवर बोटाने टकटक करून पारख करत होते.

प्रमिला त्या दिवशी मोरपंखी साडी नेसली होती. टूरसाठी घेतलेली, घडी त्याच दिवशी मोडली.

एका कोपऱ्यावर मातीच्या वाडग्यांत दही विकत होते. विकणारी बाई पन्नाशीची, चेहरा हसरा. प्रमिलाला पाहताच तिने दोन वाडगे पुढे सरकवले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आज साहब मिल गए, दीदी?”

प्रमिला हसली. “कुठले साहेब?”

“कल तो आप अकेली थीं ना. दो कटोरी लीं, एक भी नहीं खाई.”

“मैं तो आजही आई,” प्रमिला तिच्या हिंदीत म्हणाली. “कल हम गाड़ी में थे. पोखरा से.”

बाईचं हसू जरा कमी झालं. तिने प्रमिलाच्या पदराचा काठ दोन बोटांत धरून पाहिला. “यही साड़ी,” ती म्हणाली. मग दुसरं गिऱ्हाईक आलं.

दही फार गोड होतं. मी दोन्ही वाडगे संपवले.

“पुण्या-मुंबईच्या टुरा रोज येतात,” मी म्हणालो. “मराठी बाया त्यांना सगळ्या सारख्याच दिसत असतील.”

“आणि साडी?”

“तू काय एकच साडी विणून घेतली होतीस? दुकानात ढीग होता.”

तिला ते पटलं. मलाही पटलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी पाटण. तिथे एका जुन्या मंदिराच्या अंगणात चपला काढून जायचं होतं. दाराशी एक म्हातारा चपला सांभाळत होता. आमची सगळी माणसं आत गेली. प्रमिला साडीचा काठ सावरत मागे राहिली, मीही तिच्याबरोबर.

त्या दिवशी ती साध्या पिवळ्या साडीत होती. सकाळी मोरपंखी बाजूला ठेवून तिने मुद्दाम ही काढली होती. मला काही बोलली नव्हती, पण मी पाहिलं होतं.

म्हाताऱ्याने तिच्या चपला हातात घेतल्या, मान वर केली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. मी उंच आहे, उजवा कान लहानपणच्या एका अपघाताने थोडा दुमडलेला. तो त्या कानाकडेच बघत होता.

“मिल गए,” तो प्रमिलाला म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं. “कल आपने पूछा था ना, ऐसा आदमी इधर से गया क्या. लंबा, कान मुड़ा हुआ. मैंने बोला था, आएगा.”

अंगणात कबुतरं फडफडली. आतून कौतिकभाऊंची शिट्टी ऐकू आली.

“साडी कुठली होती?” प्रमिलाने विचारलं. “साड़ी. कौन सा रंग?”

“यही. पीली.”

काल आम्ही भक्तपूरला होतो. मी मनात मांडणी केली, जशी केबिनमध्ये करायचो. परवा रात्री काठमांडूत मुक्काम. काल सकाळी आठला भक्तपूर, सायंकाळी पाचला परत. त्या वेळात प्रमिला माझ्या नजरेआड झाली नव्हती. आणि भक्तपूरच्या बाईने सांगितलेला ‘काल’ म्हणजे परवा. परवा ती भक्तपुरात, काल ती पाटणात.

म्हणजे जी कोणी होती ती आमच्याच रस्त्याने चालली होती. आमच्या पुढे. बरोबर एक दिवस.

“ती तुम्हाला शोधतेय,” प्रमिला बसमध्ये हळूच म्हणाली.

“कोण ती?”

 थोड्या वेळाने मागच्या सीटवरच्या बायकांनी भुलाबाईची गाणी सुरू केली, त्यात तीही मिसळली. मी खिडकीबाहेर पाहत होतो. तिचा आवाज चांगला लागतो. त्या आवाजात काही फरक आहे का, हे मी ऐकत होतो. नव्हता.

५

चितवनच्या जंगलाकाठी सौराहा नावाचं गाव आहे. आम्ही दुपारी पोचलो. मातीच्या भिंती, गवताचं छप्पर, प्रत्येक जोडप्याला एक खोली. खोल्या शेणाने सारवलेल्या, कोपऱ्यात पाण्याची कळशी, खिडकीतून नदीचा आवाज. प्रमिला खूश झाली. “माहेरच्या खळ्यासारखं वाटतंय,” म्हणाली.

मग तिचं लक्ष गेलं. खोलीत एकच खाट होती. एकाच माणसाची. दुसऱ्या खाटेच्या पायांच्या चार खुणा सारवणात ताज्या दिसत होत्या. कुणीतरी ती तेवढ्यातच उचलून नेली असावी.

मी मॅनेजरला बोलावलं. तरुण, अदबशीर माणूस. तो गोंधळला.

“दीदी कल खुद बोलके गईं. एक ही पलंग रखना.”

“आणखी काय बोलली ती?” मी विचारलं. माझा आवाज वर गेला असावा, कारण तो दोन पावलं मागे सरकला.

तो सांगायला लागला. काल सकाळी घाटावर बसली होती. विचारत होती, होडी परत कधी येते. मी म्हटलं, कुठली होडी, आज आपल्या कुणाचीच होडी गेलेली नाही. ती तरी बसून राहिली. दुपारी उठून इकडे आली, ही खोली पाहिली, खाटेचं सांगितलं आणि गेली. तुमच्या टूरच्याच वाटल्या, आधी येऊन व्यवस्था पाहणाऱ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळचा कार्यक्रम होडीचा होता. कौतिकभाऊंनी बसमध्ये तीनदा सांगितलं होतं. राप्ती नदीतून तासभर प्रवास, मगरी, पक्षी.

मॅनेजरने खाट परत आणून दिली. प्रमिलाने ती स्वतः ओढून दुसरीला अगदी चिकटवली.

त्या सायंकाळी आम्ही हत्तीवरून जंगलात गेलो. माणसाच्या दुप्पट उंच गवत, त्यात हत्ती शिरला की बाहेरचा आवाज बंद. आणि अचानक समोर गेंडा, पिल्लासह, चिखलात. प्रमिलाने माझा दंड असा दाबला की वळ उठला. भीतीने नव्हे, आनंदाने. गेंड्याचं पिल्लू तिच्याकडे बघून कान हलवत होतं, आणि ती म्हणाली, “नातवाला सांगितलं तर खोटं वाटेल त्याला.” त्या अर्ध्या तासात आम्ही दोघंही खाट विसरलो होतो. हेही खरं आहे.

परतताना ती म्हणाली, “उद्या तुम्ही होडीत बसायचं नाही.”

“प्रमिला, कुणातरी बाईच्या बोलण्यावरून...”

“बसायचं नाही.”

चौतीस वर्षांच्या संसारात तिने मला एवढ्या आवाजात कधी सांगितलं नव्हतं. मी हो म्हणालो. तिची समजूत म्हणून म्हणालो, असं मी स्वतःला सांगितलं.

६

सकाळी नदीवर धुकं होतं. होड्या म्हणजे एका अख्ख्या झाडाचं खोड कोरलेलं, आत आठ-नऊ माणसं एकामागे एक बसलेली. पाणी होडीच्या काठापासून चार बोटं खाली. आमचे लोक जीव मुठीत धरून आणि हसत हसत बसले. कौतिकभाऊ ओरडले, “नाना, चला की! मगरीला जावई पाहू द्या!”

“पोट बिघडलंय,” मी म्हणालो.

होड्या एकेक करून धुक्यात गेल्या. आधी माणसं दिसेनाशी झाली, मग वल्ह्यांचा आवाज गेला. आम्ही दोघं घाटावर बसलो. पाणी एवढं हळू वाहत होतं की ते कुठल्या दिशेला चाललंय हे काडी टाकून पाहावं लागलं.

तासभर झाला असेल. धुकं जरा विरळ झालं. पलीकडे वाळूचा पट्टा आहे, तो आधी दिसला. मग त्यावर काहीतरी मोरपंखी.

मला रंगच दिसला. माझी नजर लांबची कमकुवत आहे. रंग आणि बसलेल्या माणसाचा आकार. गुडघ्यांभोवती हात, तोंड नदीच्या खालच्या अंगाला, होड्या गेल्या तिकडे. प्रमिला माझ्याशेजारी पिवळ्या साडीत होती. मी तिच्याकडे एकदा पाहून खात्री करून घेतली.

“अहो,” ती म्हणाली. तिची बोटं माझ्या मनगटाभोवती आली. गार होती.

पलीकडचा आकार उठला. आमच्याकडे वळला. मला चेहरा दिसला नाही, शपथेवर सांगतो. काही क्षण कुणीच हललं नाही. नदीचा सुद्धा आवाज नव्हता. मग धुक्याचा एक लोट आला आणि तो गेला तेव्हा तिथे नुसती वाळू होती.

प्रमिला रडत होती. मला वाटलं घाबरली.

“तिने तुम्हाला पाहिलं,” ती म्हणाली. “आणि हसली हो. किती दिवसांनी हसल्यासारखी.”

होड्या अकराच्या सुमारास परतल्या. एकही उलटली नव्हती, कुणाचं बोटसुद्धा भिजलं नव्हतं. मगरी सात दिसल्या, शिवाय एक निळा पक्षी. मी डोकी मोजली. आम्ही धरून चौतीस.

म्हणजे मी होडीत बसलो असतो तरी काही झालं नसतं. किंवा झालं असतं. वेळापत्रकात न सुटलेल्या गाडीची नोंद नसते. ती कुठे पोचली असती, हे कुणी सांगायचं?

७

परतीचे चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले. कुठेही कुणी प्रमिलाला ओळखलं नाही. गोरखपूरला नाही, लखनौला नाही, झाशीला नाही. ती प्रत्येक दुकानदाराकडे आधी टक लावून बघायची, आणि त्याने फक्त भाव सांगितला की तिचा चेहरा उजळायचा. तिने बसमध्ये सगळ्यांना भाकरी वाढल्या. मोरपंखी साडी पुन्हा नेसली. इंदूरला मला जिलेबी भरवली, चारचौघांत.

“झालं,” ती म्हणाली. “आता काही नाही.”

सेंधवा गेलं, शिरपूर गेलं, तापी ओलांडली. सगळी बस आपापल्या बॅगा आवरायला लागली. दुपारी तीनला सोनगीरच्या फाट्यावर कौतिकभाऊंनी शेवटचा चहा म्हणून गाडी थांबवली. वर टेकडीवर किल्ला, खाली महामार्ग, आणि फाट्यावर भिकनची टपरी. भिकनला मी वाहक असल्यापासून ओळखतो. आग्रा रोडवरच्या निम्म्या चालक-वाहकांनी त्याचा चहा प्यायलाय. तिथून धुळं अर्ध्या तासावर.

बायका हापशावर तोंड धुवायला गेल्या. मी टपरीपाशी गेलो.

भिकनने चहा गाळता गाळता वर पाहिलं. “नाना! आज परत?”

“परत म्हणजे? सोळा दिवसांनी येतोय मी.”

“कसाले थट्टा करतस नाना,” तो म्हणाला. “काल ते व्हतात ना आठे. एकलाच.”

माझ्या हातात त्याने कप दिला होता. तो मी बाकावर ठेवला.

भिकन परका नव्हता. त्याला मराठी माणसं सगळी सारखी दिसत नव्हती. तीस वर्षं त्याने माझ्या हातात कप दिले होते.

तो आपल्या अहिराणीत सांगत गेला. काल दुपारपासून तुम्ही इथेच. धुळ्याची कुठलीही गाडी थांबली की आत चढायचात, पुढपासून मागपर्यंत एकेक सीट बघायचात आणि उतरायचात. मग दुसरी गाडी. मी हाका मारल्या, तुमचं लक्षच नाही. “मी म्हनं, रिटायर व्हयनात तरी नाना गाड्या तपासी ऱ्हायनात.” तो हसला. मग माझा चेहरा पाहून थांबला. “आक्का कोठे शेतस?”

मी हापशाकडे पाहिलं. प्रमिला पदराने तोंड पुसत होती आणि कुणाच्यातरी बोलण्यावर हसत होती.

“ती काय,” मी म्हणालो.

८

मी काय केलं ते आता नीट सांगतो, कारण बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पहिल्यांदा वाटलं, तिला बसमध्ये घालावं आणि अर्ध्या तासात घर गाठावं. मग वाटलं, भिकनने काल पाहिलेला तो पुढे आहे. जिथे आम्ही पोचू तिथे तो काल पोचलेला असेल, आणि एकटा. नदीकाठच्या त्या बाईने मला प्रमिलाशेजारी पाहिलं आणि तिचं शोधणं संपलं. मग यालाही दिसायला हवं. प्रमिला आहे, ही बघ, माझ्याशेजारी चहा पिते आहे.

“कौतिकभाऊ,” मी म्हणालो, “आम्ही इथेच उतरतो.”

“अहो नाना, धुळं आलं!”

“भिकनकडे जरा काम आहे. आमची बॅग तेवढी काढा.”

प्रमिला कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “आता काय काम? घरी जाऊन चूल पेटवू द्या मला.”

“सोळा दिवस तुझ्या कार्यक्रमाने चाललो. एक तास माझ्या कार्यक्रमाने चल.”

ती हसली. मला नाही म्हणायची तिला तशी सवय नाही. बस गेली, खिडक्यांतून हात हलले, धूळ उडाली. आम्ही टपरीच्या बाकावर बसलो. मी तिला रस्त्याच्या बाजूला बसवलं, जिथून ती सगळ्यांना दिसेल. भिकनने तिला गरम भजी दिली. ती त्याला गेंड्याच्या पिल्लाची गोष्ट सांगायला लागली.

पहिली गाडी आली, शिरपूर-धुळे. थांबली, दोन माणसं उतरली, गेली. मी सगळ्या खिडक्या पाहिल्या. दुसरी शहादा-धुळे. काही नाही. ऊन किल्ल्यावरून खाली सरकत होतं. मला स्वतःचं हसू यायला लागलं होतं. भिकनची नजर म्हातारी झाली, काल दुसराच कुणी असेल, कुणी निवृत्त तिकीट तपासनीस असेल. तेवढ्यात तिसरी गाडी आली.

नाशिकहून वर शिरपूरकडे जाणारी होती. रस्त्याच्या पलीकडे, आमच्या अगदी समोर थांबली. दार पलीकडच्या अंगाला, त्यामुळे कोण चढलं ते दिसलं नाही. पण आत गर्दीतून कुणीतरी पुढून मागे सरकू लागलं. जरा तिरकं होऊन, प्रत्येक सीटच्या पाठीवर हात टेकत. तशी चाल वाहकाची असते. अकरा वर्षं मी तशी चाललो. एक खिडकी, दुसरी खिडकी. उंच होता. डोकं किंचित वाकलेलं. प्रत्येक सीटपाशी तो थांबत होता आणि खाली बघत होता, आणि बसलेल्यांपैकी कुणीही मान वर करून त्याच्याकडे पाहत नव्हतं.

शेवटच्या खिडकीशी तो पोचला. तिथली सीट रिकामी होती. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

मी खाली बघितलं. हे लिहायला लाज वाटते. आयुष्यभर गाड्यांकडे पाहिलेला माणूस मी, त्या एका क्षणाला मला वर बघता आलं नाही. माझ्या चपलांजवळ भज्याचा चुरा पडला होता, त्यावर मुंग्या होत्या.

गाडी सुटल्याचा आवाज आला. गिअर पडला. मी वर पाहिलं तेव्हा नुसता धूर होता आणि प्रमिला हात हलवत होती.

“कुणाला हात करतेस?”

“होता एक जण मागच्या खिडकीत.” तिने भजं तोंडात टाकलं. “त्याने आधी केला, म्हणून मी केला.”

“कसा होता?”

“ऊन होतं हो काचेवर. चेहरा कुठे दिसतो.” मग म्हणाली, “हसत होता पण.”

मला एवढं बरं वाटलं की डोळे भरून आले. भेटली त्याला. दिसली. संपलं. मी उठलो, भिकनला आणखी एक चहा सांगितला. आणि परत बसताना, केवळ सवयीने, नोंद पुरी करावी म्हणून विचारलं, “हात कसा केला त्याने? जातो म्हणून?”

तिने आठवून पाहिलं. मग तळहात खाली करून बोटं आपल्याकडे दोनदा ओढली.

“असा,” ती म्हणाली. “ये म्हणतात तसा.”

९

त्या दिवशी आम्ही बसने गेलो नाही. भिकनचा चुलतभाऊ कापसाची बैलगाडी घेऊन धुळ्याला निघाला होता. मी त्याला विचारलं, वर बसू का. प्रमिलाला वाटलं मी वेडा झालो. पण एकदा कापसावर बसली आणि तिचा नूर बदलला. लहानपणी धरणगावला जिनिंगच्या कारखान्यावर अशीच जायची म्हणे, वडिलांबरोबर. हत्तीपेक्षा हे बरं, म्हणाली. पाय लांब करून टेकली आणि भुलाबाईचं गाणं गुणगुणायला लागली.

बैल आपल्या चालीने चालले होते. डाव्या हाताला कपाशीची शेतं, वेचणाऱ्या बाया घरी निघालेल्या. ऊन पिवळं झालं होतं. एवढं शांत, एवढं सुखाचं सगळं होतं, की कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, हाच प्रवास सगळ्यांत चांगला.

मागून गाड्या येत होत्या. शिरपूरच्या, इंदूरच्या, शहाद्याच्या. लांबून हॉर्न ऐकू आला की मला नाव ओळखता यायचं. प्रत्येक गाडी जवळ आली की मी प्रमिलाचा हात धरायचो आणि ती गाडी पार दिसेनाशी होईपर्यंत सोडायचो नाही.

“काय हे,” ती म्हणायची. “गाडीवान बघतोय.”

“बघू दे,” मी म्हणायचो, आणि धरून ठेवायचो.